"आटलं" ते "बाष्पीभवन झालं": वर्गातल्या चर्चेत मुलांच्या तोंडी विषयाची भाषा कशी आणावी

सातवीच्या वर्गात एकदा मी ताटात आणि तांब्यात सारखंच पाणी ओतून दोन्ही उन्हात ठेवली होती. चार वाजता ताट कोरडं ठणठणीत, तांब्या जवळपास तसाच. विचारलं, असं का? मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "ताटातलं पानी पसरून बसलंय बाई, म्हून लौकर आटलं. तांब्यातलं दाटीवाटीनं बसलंय, त्याला ऊन लागायला वावच न्हाई." मी म्हटलं, "नीट शब्दांत सांग." ती खाली बसली आणि त्या तासाला परत उठली नाही. पुढच्या बाकावरच्या मुलानं मग "पृष्ठफळ वाढल्यास बाष्पीभवनाचा वेग वाढतो" हे वाक्य खडाखडा म्हटलं. त्याला शाबासकी मिळाली. आठवड्याभरानं त्याला विचारलं, ओलं धोतर घडी करून टाकलं तर वाळायला उशीर का होतो? तो माझ्याकडे बघत राहिला.

विचार मुलीकडे होता, भाषा मुलाकडे होती, आणि मी गुण भाषेला दिले होते. तेव्हापासून या गोष्टीचा पिच्छा पुरवला. खाली जे लिहिलंय ते पाचवी ते आठवीच्या वर्गांत वापरून, चुकून, पुन्हा वापरून हाताशी आलेलं आहे. उदाहरणं विज्ञान-गणिताची आहेत, कारण मी तेच शिकवते. इतिहास-भूगोलाला तीच रीत चालते.

आधी एक गैरसमज बाजूला

विषयाची भाषा म्हणजे शुद्ध बोलणं नव्हे. "पानी"चं "पाणी" आणि "लौकर"चं "लवकर" केलं म्हणून त्या मुलीचं वाक्य शास्त्रीय झालं नसतं. तिच्या वाक्यात तुलना होती, कारण होतं, "म्हून" हा सांधाही होता. नव्हतं ते एवढंच: ताट सोडून कुठल्याही भांड्याला लागू पडेल असं विधान, आणि त्या गोष्टींची नावं. चर्चेच्या तासाला उच्चार दुरुस्त करायचे नाहीत हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तो पाळणं मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड गेलं.

उलट बाजूही आहे. "घरची भाषा छान आहे, तीच राहू द्या" असं म्हणून थांबणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. तसं केलं तर ते मूल दहावीच्या प्रश्नपत्रिकेसमोर एकटं पडतं. जिम कमिन्स या कॅनडातल्या भाषाभ्यासकानं १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. स्थलांतरितांची मुलं मैदानावरची इंग्रजी दोनेक वर्षांत उचलतात, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गाची बरोबरी करायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्याच्या अभ्यासात दिसलं. आपली मुलं मराठीच बोलतात, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं वाटतं. पण "बाष्पीभवन" कोणाच्याच घरी बोललं जात नाही.

पहिली पायरी: तुम्हाला ऐकायचं असलेलं उत्तर स्वतः लिहा

पाठाच्या शेवटची शब्दार्थांची यादी बाजूला ठेवा. चर्चेचा एकच प्रश्न ठरवा आणि तासाच्या शेवटी सातवीतल्या मुलाच्या तोंडून कोणतं उत्तर यावं, ते तीन-चार वाक्यांत लिहून काढा. माझं उत्तर असं होतं: "दोन्ही भांड्यांत पाणी सारखंच होतं. ताटातल्या पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे त्याचं बाष्पीभवन जलद झालं. यावरून असं दिसतं की पृष्ठभाग जेवढा मोठा, तेवढा बाष्पीभवनाचा वेग जास्त."

आता त्यातले शब्द वेगळे करा. "पृष्ठभाग", "बाष्पीभवन", "वेग" हे विषयाचे शब्द. ते पुस्तकात ठळक छापलेले असतात, त्यामुळे निसटत नाहीत. निसटतात ते "असल्यामुळे", "यावरून असं दिसतं", "जेवढा-तेवढा". हे कुठल्याच एका विषयाचे नाहीत, म्हणून ते कोणीच शिकवत नाही. तुलना, परिणाम, प्रमाण, घटक, निरीक्षण, अनुमान, याउलट, मात्र, तरीही: हा सगळा मधला थर. बाष्पीभवन पाठ केलेलं पोर परीक्षेत अडकतं ते इथेच. "निरीक्षण लिहा" आणि "अनुमान लिहा" या दोन ओळींखाली आठवीतही एकच उत्तर दोनदा लिहिलेलं सापडतं.

एका तासाला विषयाचे तीन शब्द आणि मधल्या थरातले दोन, याहून जास्त घेऊ नका.

घरच्या शब्दांची उलटतपासणी

यावर जरा रेंगाळते, कारण मराठीत इथे मोठी गंमत आहे.

दूध आटतं, विहीर आटते, कपडे वाळतात, ओठ सुकतात. पाणी जाण्याच्या प्रत्येक तऱ्हेला आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे. मुलांना "बाष्पीभवन" शब्द देताना "आटणं म्हणजेच बाष्पीभवन" असं सांगून मोकळं होऊ नका. उलट विचारा: विहीर आटली आणि साडी वाळली, यात सारखं काय? पाणी कुठे गेलं? मुलं भांडतात. विहिरीचं पाणी जमिनीत मुरलं, मोटारीनं उपसलं, असंही कोणीतरी म्हणतं, आणि ते बरोबरच असतं. म्हणजे विहिरीच्या आटण्यात बाष्पीभवन थोडं आणि बाकीचं वेगळंच. घरचा शब्द काय घडलं ते सांगतो, शास्त्राचा शब्द कसं घडलं ते सांगतो. हे मुलांनी एकदा भांडून मिळवलं की "बाष्पीभवन" त्यांना फुकटचं ओझं वाटत नाही.

काही ठिकाणी उलटं होतं. घरी आपण "बर्फ विरघळला" म्हणतो आणि "साखर विरघळली"ही म्हणतो. विज्ञानात बर्फ वितळतो, साखर विरघळते. एका पेल्यात बर्फाचा खडा, दुसऱ्यात पाणी घालून साखर. विचारायचं, कशाला दुसरं काही लागलं आणि कोण एकटंच पातळ झालं? हा फरक व्याख्येनं कळत नाही, दोन पेल्यांनी कळतो.

गणितात तर एकेक शब्द दोन घरांचा. "वर्ग" म्हणजे आपण बसतो तो, आणि पाचाचा पंचवीस होतो तोही. "अंश" अपूर्णांकाच्या डोक्यावर बसतो आणि कोनमापकावरही. "छेद", "पद", "मूळ", आणि सगळ्यांवर कडी म्हणजे "घात". पहिल्यांदा "दोनाचा घात तीन" म्हटल्यावर माझ्या वर्गात एकानं हळूच विचारलं होतं, "कुणी केला?" हसू आलं तर हसू द्या, आणि लगेच भिंतीवरच्या तक्त्यावर तो शब्द दोन रकान्यांत लिहा: घरी काय, गणितात काय. हा तक्ता मुलांनी वर्षभर वाढवायचा. आमच्याकडे "कार्य" शब्दावर फार वाद झाला. भिंत तासभर ढकलली, घाम निघाला, भिंत जागची हलली नाही, तर विज्ञान म्हणतं कार्य शून्य. एका मुलाला हा सरळसरळ अन्याय वाटला.

दुसरी पायरी: आधी हाताला, मग तोंडाला, शेवटी पुस्तकाला

शब्द आधी आणि प्रयोग नंतर, हा आपला नेहमीचा क्रम उलटा करा. एकाच धातूची तीन भांडी घ्या: ताट, तांब्या, झाकणाचा डबा. प्रत्येकात मोजून १०० मिली पाणी. साडेदहाला उन्हात ठेवा, चारला उरलेलं मोजपात्रानं मोजा. डब्याच्या झाकणाला आतून थेंब लागलेले दिसतील. तो पुढच्या तासाचा खाऊ.

"एकाच धातूची" हे मी मुद्दाम लिहिलं. पहिल्या वर्षी माझं ताट स्टीलचं होतं आणि तांब्या तांब्याचा. एका मुलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं: "बाई, धातूमुळं फरक पडला नसंल कशावरनं?" माझी तयारी कमी पडली होती, पण त्या प्रश्नानं "इतर सगळे घटक सारखे ठेवले तर" हे वाक्य वर्गात आलं ते कायमचं. पुढे मुलं गोट्यांच्या डावातही ते वापरायला लागली.

या टप्प्यात मुलांनी जोडीजोडीनं, त्यांच्या भाषेत बोलायचं. दोन मिनिटं. तुम्ही फक्त फिरायचं आणि कान द्यायचे. वर्गात खानदेशातलं मूल असेल तर ते अहिराणीत बोलेल, विदर्भातलं वऱ्हाडीत. मेळघाटातल्या शाळांचा प्रश्न आणखी खोल आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा शाखेची, वेगळ्याच भाषाकुळातली भाषा आहे. तिथल्या मुलाला आधी मराठी आणि मग मराठीतली विज्ञानाची भाषा असे दोन डोंगर चढायचे असतात. म्हणून जोडीतली चर्चा कोरकूत होऊ देणं ही तिथे सवलत समजू नका, तो पाठाचाच भाग आहे.

तिसरी पायरी: फळ्याचे दोन भाग

आता सगळ्या लेखातली महत्त्वाची गोष्ट. फळ्यावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मुलांची वाक्यं जशीच्या तशी लिहा, "लौकर"सकट. उजवीकडची बाजू रिकामी ठेवा. तिथे जे येईल ते मुलांकडूनच यायला हवं. आमच्या वर्गात ते असं घडलं:

डावीकडे लिहिलं, "पसरून बसलंय म्हणून लौकर आटलं."

"पसरून बसल्यामुळे पाण्याचं काय वाढलं?"
"जागा."
"कुठली? तळाची का वरची?"
इथे दोन गट पडले. पाच मिनिटं गेली, जाऊ दिली.
"वरची. वाऱ्याला, उन्हाला लागती ती."
"तिला नाव आहे. पृष्ठभाग. आता वाक्य करा."
"पृष्ठभाग मोठा म्हणून लवकर आटलं."
"हे ताटातच होतं का?"
"परातीत पन हुतं. कपड्याचं पन."
"मग ताटाचं, परातीचं, कपड्याचं, कुणाचंच नाव न घेता सगळ्यांना लागू पडेल असं वाक्य करा."

शांतता. मग दोघातिघांनी मिळून जुळवलं: "जेवढा पृष्ठभाग मोठा, तेवढं बाष्पीभवन लवकर."

"ताट काढून वाक्य करा" ही सूचना मी आता सगळीकडे वापरते. इतिहासात "शिवाजी महाराजांनी समुद्रावर किल्ले बांधले" यातून नावं काढून "ज्या राज्याला समुद्रकिनारा राखायचा असतो त्याला आरमार आणि जलदुर्ग लागतात" इथपर्यंत पोचता येतं. उदाहरणाकडून नियमाकडे जाणं भाषेत घडतं ते इथे. पृष्ठभाग हा शब्दही मुलांना गरज पडल्यावर मिळाला. "ती वरची, उन्हाला लागणारी जागा" असं तीनदा म्हणून कंटाळल्यावर एका शब्दाची किंमत कळते.

डावी बाजू पुसू नका. तासाच्या शेवटी दोन्ही बाजू वहीत उतरवायच्या. कुणाच्या वाक्यावरून सुरुवात झाली तेही तोंडी सांगा. मागच्या बाकाला याची फार गरज असते.

चौथी पायरी: वाक्याची सुरुवात हाताशी ठेवा

पुष्कळ शाळांत भिंतीवर तक्ता असतो: "मी तुझ्या मताशी सहमत आहे, कारण…" असलं मराठी कोणी बोलत नाही, त्यामुळे मुलंही ते पाहुणे आल्यावरच बोलतात. तक्ता तोंडात बसणाऱ्या मराठीत करा. माझ्या तक्त्यावर सध्या ही वाक्यं आहेत:

– मला पटलं, कारण…
– मला हे पटत नाही. प्रयोगात तर असं दिसलं की…
– म्हणजे तुझं म्हणणं असं की…?
– हे कशावरून म्हणतोस / म्हणतेस?
– तिच्या बोलण्यात मला एक भर घालायची आहे.
– …च्या मानाने … जास्त / कमी
– जर … बदललं असतं, तर…
– आधी मला वाटलं होतं की… पण आता…

शेवटचं वाक्य माझ्या सगळ्यांत आवडीचं. मत बदलणं म्हणजे हरणं नव्हे, हे ते वाक्य न सांगता सांगतं. सगळी एकदम लावू नका, आठवड्याला एक. "कशावरून?"पासून सुरुवात करा, तो मराठीतला सर्वांत कामाचा प्रश्न आहे. पहिले पंधरा दिवस मुलं तो एकमेकांना चिडवायलाच वापरतील. "डबा खाल्ला? कशावरून?" चालू द्या.

जोडीतल्या एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं आपलं मत सांगण्याआधी "म्हणजे तुझं म्हणणं असं की…" म्हणून ते पुन्हा मांडायचं, हा सराव रोज पाच मिनिटं पुरतो. यात ऐकावं लागतं. आपल्या वर्गांत मुलं बोलायला शिकतात त्याच्या कितीतरी आधी ऐकणं सोडून देतात.

पाचवी पायरी: गुरुजींनी गप्प बसायचं

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला कमी वाटतात. वर्गापुढे उभं राहून मोजून बघा, घसा कोरडा पडतो.

त्याहून जुनी खोड म्हणजे समूहगान. "म्हणून पाण्याचं काय होतं? बाष्पी…" आणि चाळीस गळे: "…भवऽऽन!" कानाला गोड लागतं, पण मुलांनी अर्धाच शब्द बोललेला असतो आणि वाक्य सगळं आपलं. ही सवय मोडायला मी एका मुलाला तासाला माझी अर्धी वाक्यं मोजायला बसवलं. पहिल्या दिवशी बावीस निघाली.

मूल बोलल्यावर आपण काय करायचं, तेही ठरवून ठेवावं. ते "फोर्स जास्त लावला की गाडी लांब जाती" म्हणालं, तर "बरोबर, बल जास्त लावलं की विस्थापन जास्त होतं, हो ना?" एवढं म्हणून पुढचा प्रश्न त्यालाच द्यावा. शब्द त्याच्या कानावर पडतो आणि चूक काढल्याचा सल राहत नाही. मात्र विचारच चुकला असेल तर तो गोड बोलून झाकू नये. "कशावरून?" विचारावं आणि थांबावं.

सेमी इंग्रजीचा वर्ग

इथली मुलं "ऑब्जेक्टवर फोर्स अप्लाय केला की तो मूव्ह होतो" असं बोलतात. नीट ऐका: नावं सगळी इंग्रजी, पण "केला की", "म्हणून", "तरी" हे सांधे मराठी. म्हणजे विचार मराठीत चालतो. चर्चा तशीच होऊ द्या. मग उजव्या बाजूला इंग्रजी वाक्य मांडताना "बिकॉज", "देअरफोर", "कम्पेअर्ड टू" हे सांधे वेगळे शिकवा. ते न शिकवता इंग्रजीत उत्तर मागितलं की मूल सरळ गाइडकडे वळतं.

लिखाणाकडे आणि नोंदीकडे

चर्चेनंतर लगेच, त्याच तासाला, चार ओळी लिहायला लावा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की बोलण्यातली भाषा उडून जाते आणि पुस्तकातली परत येते. तोंडी जे "झालं" होतं ते वहीत "झाले" होईल, तेवढा बदल मुलं आपोआप करतात. अडतात ती "त्यामुळे" आणि "कारण" यांच्या उलटापालटीत: "ताट कोरडे झाले त्यामुळे पृष्ठभाग मोठा होता." असं वाक्य दिसलं की नाव न घेता फळ्यावर लिहून विचारा, आधी काय घडलं?

वर्णनात्मक नोंदी आपल्याला तशाही ठेवाव्या लागतात. "चर्चेत सहभागी होतो" हे सगळ्यांपुढे डकवण्यापेक्षा रोज पाचच मुलांकडे कान द्या आणि त्यांचं एक वाक्य तारखेसह जसंच्या तसं टिपा. महिन्याभरात सगळा वर्ग दोन-तीनदा होतो. माझ्या वहीत त्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या नावापुढे जुलैत "पसरून बसलंय" आहे. डिसेंबरात डब्याच्या झाकणावरच्या थेंबांबद्दल ती म्हणाली ते असं आहे: "आधी वाटलं हुतं झाकण गळतंय. पन झाकण बाहेरनं कोरडं हाय, त्यावरनं दिसतंय की पानी आतनंच वर आलं. वाफ गार झाली की परत पानी हुतं." संघनन हा शब्द तिनं त्या दिवशी वापरला नाही. तो मी उजव्या बाजूला लिहिला, आणि तिनं तो मोठ्यानं दोनदा वाचला.